फरेरा : भट्टीवरून निघालेले एक आडनाव

गेल्या श्रावणात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या पत्नीसह आमच्याकडे आला होता. घरी पहिला मुलगा झालेला, स्नानसंस्काराची तारीख ठरायची होती आणि त्याआधी त्याला एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. मुलाच्या जन्मनोंदीत 'फरेरा' हे आडनाव लावावे की नाही? नोकरीच्या ठिकाणी त्याला वारंवार विचारले जाई, "तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का हो? मराठी मात्र छान बोलता!" या कौतुकाचा त्याला वीट आला होता. गावाच्या नावावरून एखादे आडनाव घ्यावे आणि हा परकेपणाचा शिक्का एकदाचा पुसावा, असे त्याच्या मनात होते. सोबत त्याचे वयोवृद्ध काकाही आले होते. त्यांचे म्हणणे नेमके उलट. "सर, याला समजावून सांगा. आपल्या अंगात पोर्तुगीज रक्त आहे, ते असे पुसून टाकतात का?"

काका आणि पुतण्या दोन विरुद्ध टोकांना उभे होते खरे, पण दोघांच्याही पायाखालची समजूत एकच होती. आडनाव पोर्तुगीज, म्हणजे पूर्वज पोर्तुगीज. एकाला त्याचा अभिमान, दुसऱ्याला संकोच. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावे, म्हणून आम्ही या एका आडनावाच्या मागे लागलो. वाट वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब निघाली.

प्रथम एक घोटाळा दूर केलेला बरा. आपल्याकडे फरेरा आणि परेरा ही आडनावे सर्रास एकमेकांत मिसळतात. सातबाऱ्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काहीतरी, असा अनुभव कित्येक कुटुंबांना आहे. परंतु या दोन नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. 'परेरा' हे पेअर या फळझाडाचे नाव. 'फरेरा' हे लोखंडाचे. एका अक्षराच्या चुकीने आमचे कारकून बंधू लोहारशाळेची बाग करून टाकतात.

लॅटिन भाषेत लोखंडाला 'फेर्रुम' म्हणतात आणि जेथे लोखंड सापडते किंवा घडवले जाते त्या जागेला 'फेर्रारिया'. म्हणजे खाण, भट्टी किंवा लोहारशाळा. रोमन साम्राज्य लयाला गेले, लॅटिनच्या लेकी आपापल्या संसाराला लागल्या आणि या एका शब्दाची अनेक रूपे झाली. पोर्तुगीज जिभेवर तो 'फेरैरा' झाला. स्पॅनिश जिभेने आरंभीचा 'फ' गिळला आणि 'एरेरा' केले. पोर्तुगीज भाषेत प्रत्यक्ष लोहाराला 'फेरैरू' म्हणतात. 'फेरैरा' हे त्याच्या जागेचे नाव. म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर हे आडनाव धंद्यावरून थेट आलेले नाही. धंद्यावरून गाव आणि गावावरून माणूस, असा त्याचा प्रवास आहे. ज्या खेड्यात भट्ट्या धगधगत ते खेडे फेरैरा झाले आणि त्या खेड्यातून बाहेर पडलेला माणूस, मग तो लोहार असो, मेंढपाळ असो की सरदार, 'फेरैराचा अमुक' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडतात, तसाच हा प्रकार.

अशी गावे पोर्तुगालात एक नव्हे, अनेक आहेत. त्यामुळे सगळे फरेरा एका मूळपुरुषाचे वंशज, ही वंशावळीकारांची कल्पना मुळातच टिकत नाही. दक्षिणेकडील आलेंतेजू प्रांतातील फेरैरा दु आलेंतेजू या गावाची एक दंतकथा आम्हाला फार आवडली. पूर्वी तेथे सिंगा नावाचे नगर होते म्हणे. परचक्र आले, पुरुष माणसे कामास आली, तेव्हा लोहाराची बायको दोन्ही हातांत दोन घण घेऊन किल्ल्याच्या दारात उभी राहिली आणि तिने दार राखले. त्या गावाच्या मानचिन्हावर आजही दोन हातोडे घेतलेली ती स्त्री आहे. दंतकथेला इतिहास म्हणता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्या गावाला आपली मूळमाता राजकन्या न वाटता लोहारीण वाटावी, ही गोष्टही काही कमी नाही.

उत्तरेकडे पोर्तू शहरापासून जवळ पासूस द फेरैरा नावाचे दुसरे गाव आहे. तेथे संत पेत्राच्या नावाचे मध्ययुगीन मठमंदिर रोमानेस्क शैलीत उभे आहे. गंमत अशी, की लोखंडाचे नाव धारण करणारे हे गाव आज पोर्तुगालात लाकडी सामानासाठी प्रसिद्ध आहे. खुर्च्या, कपाटे, पलंग घडवणाऱ्या सुतारांचे गाव! लोहार आणि सुतार यांच्यातली ही सरमिसळ आपल्या श्रद्धेच्याही फार जवळची आहे, ती अशी.

मत्तयच्या शुभवर्तमानात नासरेथचे लोक येशूविषयी आश्चर्य करतात आणि त्याच्या पित्याच्या धंद्याचा उल्लेख करतात. मूळ ग्रीक शब्द आहे 'तेक्तोन', म्हणजे घडवणारा कारागीर. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी 'फाबेर' हा शब्द आला. फाबेर म्हणजेही कारागीरच. तो लाकडाचा असेल, दगडाचा असेल वा लोखंडाचा. परंतु नुसते 'फाबेर' म्हटले की पश्चिमेकडच्या लोकांना बहुधा लोहार आठवे. त्यामुळे चौथ्या शतकातील फ्रान्सचे महागुरू संत हिलरी यांनी संत जोसेफचे वर्णन अग्नीने लोखंड नमवणारा असे केले. पुढे सुताराची कल्पना रूढ झाली आणि आपल्या वेदीवरील संत जोसेफच्या हाती करवत, रंधा किंवा गुण्या आला. पण काही काळ, काही ठिकाणी, पवित्र कुटुंबाचे घर भात्याच्या आवाजाने जागे होत असे, हे फरेरा कुटुंबीयांना ठाऊक असायला हरकत नाही.

या 'फाबेर' शब्दाचीही मोठी संतती आहे. दक्षिण फ्रान्समध्ये फाब्र, उत्तरेकडे लफेव्र, आल्प्सच्या कुशीतील साव्हॉय प्रांतात फाव्र. याच साव्हॉयच्या एका खेड्यात १५०६ साली मेंढपाळाच्या घरी प्येर फाव्र जन्मला. पॅरिसमध्ये तो इग्नाती लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांचा खोलीतला सोबती झाला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले, तेव्हा त्यांच्यात धर्मगुरू एकटा फाव्रच होता; मिस्सा त्यानेच अर्पण केली. येशूसंघाची ती पहिली ठिणगी. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली त्याला संत म्हणून घोषित केले. लोहाराचे आडनाव लावणाऱ्या त्या मेंढपाळपुत्राने आयुष्यात कधी घण उचलला नसेल. आणि त्याच वर्षी, १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मोंमार्त्र आणि वसई यांचा तोवर काहीच संबंध नव्हता. आठ वर्षांत झेवियर गोव्याला उतरला आणि पुढे वसईलाही येऊन गेला.

बाकीच्या भाऊबंदांची नावे घेऊन आम्ही पुढे जातो, कारण यादी लांबवावी तितकी लांबते. इटलीचे फेरारी, इंग्लंडचे स्मिथ, जर्मनीचे श्मिट, पोलंडचे कोवाल्स्की, हंगेरीचे कोवाच, आयर्लंडचे मॅक्गोवन आणि लेबनॉन-सीरियाच्या ख्रिस्ती घरांतले हद्दाद ही सगळी लोहारशाळेतलीच माणसे. प्रत्येक गावात दाणे दळणारा, चपला शिवणारा एखादा असेच, पण लोहारावाचून ना नांगराला फाळ, ना घोड्याला नाल, ना सैनिकाला तलवार. शिवाय युद्धाच्या वेळी लोहाराला पाठीमागे ठेवीत, म्हणून तो मागे राहिला आणि त्याचा वंश वाढला, असेही गमतीने म्हणतात. ते कितपत खरे ते देव जाणे!

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. हे नाव वसईच्या किनाऱ्यावर आले कसे?

सोळाव्या शतकातील पोर्तुगीज माणसाचे नाव आजच्यासारखे पक्के बांधलेले नव्हते. सर्वांत मोठा समूह बापाच्या नावावरून आलेल्या नावांचा. फर्नांडूचा तो फर्नांडिस, रोद्रिगूचा तो रॉड्रिग्ज, लोपूचा तो लोपीस, गोन्सालूचा तो गोन्सालविस, नुनूचा तो नुनीस. दुसरा समूह गावांचा आणि झाडाझुडपांचा. धंद्यावरून आलेली नावे त्या मानाने थोडी. फरेराखेरीज शिकाऱ्याचा मोंतेरो आपल्या परिचयाचा आहे. एकाच घरातला एक भाऊ बापाचे आडनाव लावी, दुसरा आईचे, तिसरा आजोळचे. १४९७ साली राजा मानुएलने पोर्तुगालातील यहुद्यांना बळाने ख्रिस्ती केले, तेव्हा त्यांनीही हीच नावे घेतली. त्यांच्यातही फेरैरा झाले. झाडाचे नाव असलेला तो मूळचा यहुदी, अशी एक समजूत अजून ऐकू येते, ती चुकीची आहे. नव्या ख्रिस्ती लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची जी नावे होती तीच घेतली. वेगळे दिसावे असे नाव कोण कशाला घेईल?

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्या-धर्ममातेची नावे लिहून ठेवण्याचा नियम केला. चार वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात पहिली प्रांतीय धर्मसभा भरली. नाव लिहून ठेवायचे म्हटले की ते स्थिर होते. आजोबांचे नाव नातवाच्या नावापुढे टिकून राहू लागले, त्यात राजाच्या कायद्यापेक्षा मिस्साघराच्या वहीचा वाटा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

वसईच्या परिसरात प्रथम फ्रान्सिस्कन संघाचे आणि मागाहून येशूसंघाचे धर्मगुरू आले. गावेच्या गावे, जातीच्या जाती ख्रिस्ती झाल्या. शेतकरी होते, कोळी होते, भंडारी होते, बागायत करणारे ब्राह्मणही होते. स्नानसंस्कार घेणाऱ्याला एक ख्रिस्ती नाव मिळे आणि धर्मपिता उभा राही. हा धर्मपिता बहुधा किल्ल्यातील एखादा पोर्तुगीज अधिकारी, गावाचा खंड घेणारा सरदार किंवा व्यापारी असे. पोर्तुगीज त्याला 'पाद्रिन्यु' म्हणत. नवख्रिस्ती माणूस पुष्कळदा त्याचेच आडनाव स्वीकारी, कधी धर्मगुरूंचे. समारंभपूर्वक सामुदायिक स्नानसंस्कार झाला आणि धर्मपिता एकच असला, की एका सकाळी एका पाड्याचे सगळे लोक एका आडनावाचे होत. सकाळी ज्यांचे एकमेकांशी सोयरसुतक नव्हते ते संध्याकाळी नावाने भाऊबंद झाले.

याचा अर्थ आमच्या त्या काकांना पचणे कठीण गेले. फरेरा हे नाव आपल्या किनाऱ्यावर बहुतांशी रक्तातून आलेले नाही. ते स्नानसंस्काराच्या पाण्यातून आले. पोर्तुगीज पुरुषांनी येथील स्त्रियांशी विवाह केले, त्यांची संततीही झाली, हे खरे आहे. आपले संत गोन्सालो गार्सिया अशाच घरातले. पिता पोर्तुगीज, माता आपल्या मातीतली. पण वाड्या-वाड्यांतून पसरलेली हजारो कुटुंबे अशा विवाहांतून निपजली असे मानायला काहीच आधार नाही. त्यांची भाषा, शेती, लग्नातली गाणी, लुगड्याची नेसण आणि पोटजातीची बंधने जशी टिकली, त्यावरून ती याच भूमीची लेकरे आहेत हे उघड दिसते.

आणि येथे एक विलक्षण उलटापालट झाली. आपल्या मुलखात खरे लोहार होतेच. बारा बलुतेदारांत त्यांचे स्थान होते. ऐरण, घण, भाता आणि सांडशी ही त्यांची दौलत होती. गोव्याचे लोहार तर इतके कसबी होते, की १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कने तेथे घडवलेल्या बंदुका बोहेमियाच्या बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे आपल्या राजाला कळवले. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपातील बंदुकांचे माहेरघर. परंतु अशा एखाद्या लोहाराने स्नानसंस्कार घेतला तर त्याला 'फेरैरा' नाव मिळे असे मुळीच नाही. त्याचा धर्मपिता फर्नांडिस असला तर तो फर्नांडिस झाला. आणि शेजारच्या नांगरधाऱ्याचा धर्मपिता फेरैरा असला तर तो नांगरधारी फरेरा झाला. ज्याच्या हाती घण त्याच्या नावात लोखंड नाही आणि ज्याच्या नावात लोखंड त्याने कधी भाता ओढलेला नाही. कोणी विचारपूर्वक अर्थ लावून नावे वाटली नव्हती. नावाचा अर्थ देणाऱ्याच्याही ध्यानात नव्हता.

पुढे तीनशे वर्षांनी अहमदनगर जिल्ह्यात मिशनरी आले, तेव्हा ख्रिस्ती झालेली घराणी आपापली मूळची मराठी आडनावे लावीतच राहिली. श्रद्धा तीच, पण काळ बदलला होता. आडनाव बदलणे हा ख्रिस्ती होण्याचा आवश्यक भाग नाही, हे ख्रिस्तसभेने कधीच नाकारले नव्हते. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज राजसत्तेला मात्र आपला धर्म, आपला पोशाख आणि आपले नाव यांतला फरक फारसा कळत नसे. आमच्या मते ही त्या काळाची उणीव होती आणि ती तशीच म्हणून सांगितली पाहिजे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सरदार गोव्याकडे निघून गेले, किल्ल्यातील मठमंदिरे ओस पडली. ज्यांच्याकडून नावे आली होती ते गेले; नावे राहिली. पेशवाईत फरेरा होते आणि इंग्रजी अमलातही होते. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा मुंबई-साष्टीच्या आपल्या बांधवांनी गोव्याहून आलेल्यांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून 'ईस्ट इंडियन' असे नाव घेतले. कारण आडनावावरून कोण कोठला हे ओळखता येईनासे झाले होते! फरेरा वांद्र्याचा की बार्देसचा, हे नाव सांगत नव्हते. गावात तर आडनावाचा उपयोग त्याहून कमी. ज्या आळीत निम्मी घरे एकाच आडनावाची, तेथे पत्ता विचारताना घराण्याचे टोपणनाव, आजोबांचे नाव किंवा विहीर-वडाची खूण सांगावी लागते. कागदावर पोर्तुगीज, तोंडी मराठी, असा हा दुहेरी कारभार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

या आडनावाचा एक फाटा जपानला गेला. तो वेदनेचा आहे, पण तो टाळून पुढे जाणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. हे आपल्या मुलांनाही पाठ असते. त्यानंतर बारा वर्षांनी, १६०९ साली, क्रिस्तोव्हाँव फेरैरा नावाचा पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू जपानला पोहोचला. छळ वाढत गेला, ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तरी तो वीस वर्षांहून अधिक काळ लपतछपत श्रद्धावंतांची सेवा करीत राहिला. हुतात्म्यांच्या मरणाची वृत्ते त्याने रोमला कळवली. १६३३ साली तो पकडला गेला आणि त्याला नागासाकीत खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. त्याच वेळी त्याच्या बाजूला टांगलेल्यांत नाकाउरा जुलियान हा जपानी धर्मगुरू होता. बालपणी, १५८० च्या दशकात, जपानी ख्रिस्ती सरदारांनी पोपच्या भेटीस पाठवलेल्या चार मुलांपैकी तो एक. जाता-येता ही मुले गोव्यात उतरली होती. नाकाउरा चौथ्या दिवशी त्या खड्ड्यात मरण पावला. २००८ साली तो धन्य म्हणून घोषित झाला. फेरैराने मात्र काही तासांतच श्रद्धा नाकारल्याची खूण केली.

पुढे त्याने सावानो च्यूआन असे जपानी नाव घेतले, सरकारी दुभाषा म्हणून काम केले, ख्रिस्ती धर्माविरुद्ध एक पुस्तक त्याच्या नावावर निघाले, आणि पाश्चात्य शस्त्रवैद्यकाचे ज्ञानही त्याने जपान्यांना दिले. १६५० साली तो वारला. त्याला परत आणावे, निदान त्याच्या पतनाची भरपाई आपल्या रक्ताने करावी, म्हणून येशूसंघीयांच्या तुकड्या जिवावर उदार होऊन जपानला गेल्या. आंतोनियो रुबिनो आणि त्यांचे सोबती १६४३ साली हुतात्मे झाले. जपानी कॅथॉलिक कादंबरीकार शुसाकू एन्दो यांनी १९६६ साली 'मौन' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली, तिचा आधार हाच फेरैरा. तीवरचा चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी हे नाव त्या संदर्भात प्रथमच ऐकले.

नाव घेण्यातली सहजता आणि नाव टाकण्यातली यातना या दोन गोष्टी या एका माणसाच्या चरित्रात आम्हाला शेजारी-शेजारी दिसतात. वसईच्या शेतकऱ्याने एका सकाळी जे नाव स्वीकारले, तेच नाव त्या पोर्तुगीज धर्मगुरूला नागासाकीत टाकावे लागले. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार उबदार घरात बसून लेख लिहिणाऱ्या आम्हाला नाही. एवढे मात्र खरे, की पाच-सहा तास उलटे टांगले जाण्याआधीची चोवीस वर्षे कोणी सांगत नाही.

हे नाव जगात इतरत्र कसे पांगले त्याची हकिकत मात्र पुष्कळशी समुद्राची आहे. १७२२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला टेबल उपसागरात वादळाने जहाजे फुटली, त्यांतून वाचलेला इग्नासियू फेरैरा नावाचा पोर्तुगीज तरुण तेथल्या डच वसाहतीतच राहिला. कॅथॉलिक उपासनेला तेथे १८०४ पर्यंत मोकळीक नव्हती. त्याचे वंशज डच मंडळीच्या पंथात गेले आणि बोअर शेतकरी झाले. त्यांच्यापैकीच कर्नल इग्नेशियस फेरेरा याने १८८६ साली सोन्याच्या शोधात जेथे तंबू ठोकले, तेथून जोहान्सबर्ग शहराचा आरंभ झाला. त्या भागाला आजही फेरेराज्डॉर्प म्हणतात. लोखंडाचे नाव सोन्याच्या खाणीवर बसले! इग्नातीचे नाव लावून प्रॉटेस्टंट झालेले हे घराणे नावांच्या थट्टेखोरपणाचा उत्तम नमुना आहे.

ब्राझीलमध्ये तर कहाणी आपल्या कहाणीची बहीण शोभते, फक्त अधिक क्रूर. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना किनाऱ्यावर स्नानसंस्कार दिला जाई आणि मालकाचे आडनाव चिकटे. १८८८ साली गुलामगिरी उठली, तेव्हा मुक्त झालेल्या असंख्य माणसांकडे आपले म्हणावे असे दुसरे आडनावच नव्हते. म्हणून आज ब्राझीलमध्ये फेरैरा गोरा, काळा, सावळा सर्व रंगांचा आढळतो. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी मुलखात दोन दशके धुमाकूळ घालणारा दरोडेखोर लांपियाँव याचेही खरे नाव व्हिर्गुलिनू फेरैरा दा सिल्वा. दरोडेखोर होण्यापूर्वी तो कातडीकाम करी. १९३८ साली तो मारला गेला.

मादेरा बेटावरून दारिद्र्याला कंटाळलेली कुटुंबे १८३५ पासून गयानाच्या उसाच्या मळ्यांत गेली, १८७८ पासून हवाई बेटांवर गेली. उत्तर अमेरिकेत पोहोचलेल्या काही फेरैरांनी आपल्या नावाचे सरळ भाषांतर करून 'स्मिथ' लावले. मॅसॅच्युसेट्सच्या दाराच्या पाटीवर स्मिथ, आत मात्र रोझरी पोर्तुगीजमध्ये. त्यांना कोणी "तुम्ही मूळचे कोठले?" असे विचारू नये म्हणूनच हा खटाटोप. आमच्या धर्मग्रामातल्या त्या तरुणाला ही हकिकत सांगितली तेव्हा तो प्रथमच हसला.

जे मायदेशी राहिले त्यांच्यातल्या एका बाईंचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दौरू नदीच्या खोऱ्यात दोना आंतोनिया फेरैरा (१८११–१८९६) यांनी तरुण वयात वैधव्य आल्यावर द्राक्षमळ्यांचा कारभार हाती घेतला, वेलींवर कीड पडून शेतकरी बुडाले तेव्हा त्यांना सावरले. लोक त्यांना लाडाने 'फेरैरिन्या' म्हणत. १८६१ साली नदीच्या धबधब्यात त्यांची होडी उलटली. सोबतचे इंग्रज गृहस्थ बुडाले, दोना आंतोनिया वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्यात हवा भरून तो तरंगला, असे सांगतात. इंग्रज गृहस्थांच्या पट्ट्यात सोन्याची नाणी होती म्हणे!

एवढे सगळे आम्ही त्या कुटुंबाला चार-पाच बैठकांत सांगितले. काका काहीसे खट्टू झाले. तरुणाने मात्र एक मागणी केली: मिस्साघराच्या जुन्या नोंदवहीत आपल्या घराण्याचे काही सापडते का, ते पाहायचे. धर्मगुरूंनी उदार मनाने परवानगी दिली. वाळवीने खाल्लेल्या एका जाड वहीत, गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, काकांच्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद मिळाली. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर सुवाच्य होते. बापाचे नाव होते, आईचे नाव होते आणि धर्मपिता शेजारच्याच वाडीतला होता. नावापुढे 'फेरैरा' लिहिले होते. त्याच्या पुढच्या रकान्यात बापाच्या व्यवसायासाठी धर्मगुरूंनी पोर्तुगीज भाषेतला एकच शब्द घातला होता, 'लाव्रादोर'. काकांनी त्याचा अर्थ विचारला.

"शेतकरी," आम्ही म्हणालो.

काकांनी चष्मा पुसला आणि तो रकाना पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला. "म्हणजे ती विहिरीकडची वावरे तेव्हाही आपलीच होती तर," ते पुतण्याला म्हणाले.

मुलाचा स्नानसंस्कार नाताळच्या आधीच्या रविवारी झाला. जन्मनोंदीत कोणते आडनाव लावले, ते आम्ही विचारले नाही. धर्मपिता म्हणून काकाच उभे होते.